निवृत्त लष्करी जेट विमानांचा जीर्णोद्धार : 'व्हल्कन एक्सएच ५५८' च्या निमित्ताने

१. प्रश्नाचे स्वरूप

प्राचीन वास्तूंच्या बाबतीत दोन भिन्न दृष्टी आपल्या परिचयाच्या आहेत. एक जीर्णोद्धाराची आणि दुसरी संरक्षणाची. अठराव्या शतकात अहल्याबाई होळकरांनी ठिकठिकाणी जी देवालये पुन्हा उभी केली, त्यांत जुना दगड किती राहिला आणि नवा किती आला, हा प्रश्न गौण होता. देवाची पूजा अखंड चालावी, हा हेतू प्रधान होता. याच्या उलट, १९०४ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्यामागे जी दृष्टी उभी होती, तिच्या लेखी वास्तू हा एक पुरावा आहे. तो आहे तसा राखावयाचा. त्याला हात लावताना तो खोटा होणार नाही एवढी दक्षता घ्यावयाची. पहिल्या दृष्टीत कार्य जगते आणि द्रव्य बदलते. दुसरीत द्रव्य जगते आणि कार्य थांबते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्माण झालेल्या एका सर्वस्वी नव्या प्रकारच्या अवशेषापुढे हाच जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे. तो अवशेष म्हणजे सेवानिवृत्त लष्करी जेट विमान. ते संग्रहालयात उभे करावे की आकाशात उडवावे, ह्या वादाला युरोप-अमेरिकेत गेली कित्येक वर्षे मोठे तोंड फुटले आहे. वाद बहुधा भावनेच्या पातळीवर चालतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे त्यात पुष्कळ आहे. कारण विमान हे केवळ यंत्र नसून एका मोठ्या संस्थेचे दृश्य टोक असते, ही गोष्ट ह्या वादातून जितकी स्पष्ट होते तितकी अन्य कोठे होत नाही. यंत्र दुरुस्त करता येते. त्या यंत्रामागील संस्था नाहीशी झाली म्हणजे काय करावयाचे, हा खरा प्रश्न आहे. ब्रिटनमधील 'व्हल्कन एक्सएच ५५८' ह्या बॉम्बफेकी विमानाचा १९६० ते २०१५ पर्यंतचा इतिहास ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास विशेष उपयोगी पडणारा आहे.

२. आयुष्याची मोजदाद

जेट विमानाचे आयुष्य वर्षांत मोजत नाहीत, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. तांब्याची तार वारंवार वाकवली असता ती जशी एकाएकी तुटते, तसाच वारंवार ताण पडल्याने विमानाच्या सांगाड्यातील धातू थकतो आणि त्यात सूक्ष्म तडे पडू लागतात. ह्या धातूच्या थकव्याचे गांभीर्य १९५४ मध्ये साऱ्या जगाला कळून चुकले. त्या वर्षी जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन 'कॉमेट' प्रवासी जेट विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. फार्नबरो येथील संशोधकांनी एका कॉमेटचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर पुनःपुन्हा दाब दिला आणि वारंवार पडणाऱ्या ताणामुळे तो फाटतो हे सिद्ध केले. तेव्हापासून प्रत्येक विमानाच्या वाट्याला आलेल्या ताणांची नोंद ठेवणे हा विमानविद्येचा एक अपरिहार्य भाग होऊन बसला.

लष्करी विमानांच्या बाबतीत ह्या नोंदीचे महत्त्व अधिक, कारण त्यांच्या उड्डाणाची रीतच राजकीय परिस्थितीनुसार पालटते. ब्रिटनने अण्वस्त्रवाहू म्हणून जी तीन बॉम्बफेकी विमाने उभारली, त्यांपैकी 'व्हॅलियंट' हे १९५५ मध्ये सेवेत आले. सोव्हिएत संघाची विमानभेदी क्षेपणास्त्रे प्रभावी ठरू लागताच, १९६३-६४ च्या सुमारास ही तिन्ही विमाने उंचावरून न उडवता भूमीलगत उडवण्याचे धोरण आले. भूमीलगतची हवा खळबळीची असते. पंखांना हादरे अधिक बसतात. १९६४ मध्ये व्हॅलियंटच्या पंखांतील मुख्य तुळयांना तडे गेल्याचे आढळून आले आणि जानेवारी १९६५ मध्ये सगळा ताफा सेवेतून काढण्यात आला. आज संपूर्ण स्थितीत एकच व्हॅलियंट शिल्लक असून ते कॉसफर्डच्या संग्रहालयात आहे. मॉस्कोभोवती उभ्या राहिलेल्या क्षेपणास्त्रांचा परिणाम इंग्लंडमधील विमानाच्या तुळईत तड्याच्या रूपाने उमटावा, हे कार्यकारणाचे एक विलक्षण उदाहरण होय. ह्या अर्थाने विमानाचा सांगाडा हा एक दस्तऐवज आहे. कोणत्या राष्ट्राने कोणत्या भीतीपोटी ते कसे उडवले, हे त्या धातूत लिहिलेले असते.

याचा दुसरा अर्थ असा की, निवृत्त विमानाला जे आयुष्य उरलेले असते ते ठरावीक आणि मोजलेले असते. ते उडवले की तेवढे खर्च होते. पोथी हाताळताना तिची पाने झिजतात, तशी ही झीज आहे. फरक एवढाच की पोथीच्या झिजेचा हिशेब कोणी ठेवीत नाही आणि विमानाच्या झिजेचा ठेवावा लागतो.

मात्र न उडवल्याने झीज थांबते असेही नाही. उभ्या विमानाचा नाश वेगळ्या वाटेने होतो. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंत ओल शिरून पापुद्रे सुटतात. मॅग्नेशियमचे भाग तर फार लवकर खाल्ले जातात. रबरी सील वाळून चिरतात, नळ्यांतील तेल खराब होते, विजेच्या तारांवरचे आवरण ठिसूळ होते. उडणारे विमान थकव्याने मरते आणि उभे विमान गंजाने मरते. निवड मरण आणि अमरत्व ह्यांच्यातील नसून क्षयाच्या दोन प्रकारांतील आहे.

३. एक्सएच ५५८ : सेवाकाल

व्हल्कन हे 'ॲव्हरो' कंपनीचे त्रिकोणी पंखांचे, चार जेट एंजिनांचे विमान. त्याच्या आराखड्याचे मूळ श्रेय रॉय चॅडविक ह्या अभियंत्याकडे जाते. त्याचा पहिला नमुना ३० ऑगस्ट १९५२ रोजी उडाला आणि १९५६ पासून ही विमाने ब्रिटिश हवाई दलात दाखल होऊ लागली. दोन नमुने धरून एकूण १३६ व्हल्कन बांधली गेली. एक्सएच ५५८ हे दुसऱ्या, सुधारित श्रेणीतील हवाई दलाच्या हाती आलेले पहिले विमान असून ते १ जुलै १९६० रोजी सेवेत रुजू झाले.

ब्रिटिश अण्वस्त्रांचे दायित्व १९६९ मध्ये 'पोलारिस' पाणबुड्यांकडे गेले आणि व्हल्कनचे मूळ प्रयोजन संपले. तथापि एक्सएच ५५८ ला नवनवी कामे मिळत गेली. सत्तरीच्या दशकात ते सागरी टेहळणीसाठी वापरले गेले. १९८२ च्या फॉकलंड युद्धात व्हल्कन विमानांनी स्टॅन्लेच्या धावपट्टीवर दूर पल्ल्याचे हल्ले केले. त्या मोहिमांत हवेत इंधन पुरवणाऱ्या विमानांवर एवढा भार पडला की सहा व्हल्कनांचे रूपांतर घाईने इंधनवाहू विमानांत करावे लागले. एक्सएच ५५८ त्या सहांपैकी एक होते. ३१ मार्च १९८४ रोजी शेवटचे व्हल्कन पथक विसर्जित झाले. त्यानंतरही हवाई दलाने प्रदर्शनी उड्डाणांसाठी एक व्हल्कन राखले आणि १९८६ पासून हे काम एक्सएच ५५८ कडे आले. पुढे खर्चाच्या कारणास्तव तेही थांबवण्यात आले. २३ मार्च १९९३ रोजी हे विमान लेस्टरशायरमधील ब्रंटिंगथॉर्प येथील धावपट्टीवर उतरले आणि एका खाजगी कुटुंबाच्या कंपनीच्या मालकीचे झाले.

ह्या विक्रीतील एक तपशील पुढील घटनांच्या दृष्टीने निर्णायक ठरला. विमानाबरोबर सुट्या भागांचा प्रचंड साठा आणि आठ 'ऑलिंपस' एंजिने नव्या मालकाकडे आली. ही एंजिने समग्र दुरुस्तीनंतर एकदाही न वापरता बंदिस्त आवरणात राखून ठेवलेली होती. सांगाडा टिकला तो मालकाच्या आस्थेने. पण पुन्हा उडण्याची शक्यता टिकली ती ह्या कोठारामुळे.

४. पुनरुज्जीवन

निवृत्त लष्करी विमान नागरी आकाशात आणावयाचे म्हणजे एक कायदेशीर जन्मांतर घडवावयाचे असते. सेवेत असताना त्याच्या सुरक्षिततेची हमी सरकार देते. नागरी नोंदवहीत आल्यावर ती हमी कोणीतरी दुसऱ्याने घ्यावी लागते. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाच्या वर्गवारीत व्हल्कन हे 'जटिल' विमान ठरले. अशा विमानाला उड्डाण-परवाना हवा असेल तर त्याच्या आराखड्याचे ज्ञान असणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेने त्याच्यामागे उभे राहणे आवश्यक होते.

येथेच इतिहासाची गुंतागुंत सुरू होते. ॲव्हरो ही कंपनी १९६३ मध्ये हॉकर सिडलीत विलीन झाली. ती १९७७ मध्ये राष्ट्रीयीकृत 'ब्रिटिश एअरोस्पेस' मध्ये गेली आणि त्यातून १९९९ मध्ये 'बीएई सिस्टिम्स' निर्माण झाली. ऑलिंपस एंजिन मूळचे ब्रिस्टलचे. ते १९५९ मध्ये ब्रिस्टल सिडलीकडे आणि १९६६ मध्ये रोल्स-रॉइसकडे गेले. म्हणजे विमान बांधणारी कंपनी उरली नव्हती. उरले होते तिचे वारसदार. मालमत्तेचा वारसा कागदाने मिळतो, ज्ञानाचा तसा मिळत नाही. आराखडे कपाटात असले तरी ते वाचून 'येथे एवढी मोकळीक का सोडली' हे सांगणारा माणूस हयात असावा लागतो.

एक्सएच ५५८ च्या पुनरुज्जीवनाचे नेतृत्व डॉ. रॉबर्ट प्लेमिंग ह्यांनी केले. त्यांचे खरे कर्तृत्व विमान दुरुस्त करण्यात जितके, तितकेच विखुरलेली संस्था पुन्हा जुळवण्यात होते. बीएई सिस्टिम्स व रोल्स-रॉइस ह्यांचे सहकार्य त्यांनी मिळवले आणि केंब्रिजच्या 'मार्शल एअरोस्पेस' कंपनीने सांगाड्याचे तांत्रिक दायित्व पत्करले. ब्रिटनच्या वारसा निधीकडे केलेली पहिली मागणी फेटाळली गेली. दुसऱ्या वेळी, २००३ च्या अखेरीस, सुमारे २७ लाख पौंडांचे अनुदान मंजूर झाले. २००५ मध्ये काम सुरू झाले. विमान उकलून त्याच्या सांगाड्याची कसून तपासणी झाली. गंजलेले भाग बदलण्यात आले. निरनिराळ्या यंत्रणा काढून, तपासून, पुन्हा बसवल्या गेल्या. २००६ च्या उन्हाळ्यात पैसा संपत आला आणि सर्व काही थांबण्याची वेळ आली. तेव्हा जॅक हेवर्ड ह्या धनिकाने पाच लाख पौंड दिले आणि असंख्य सामान्य लोकांच्या लहान देणग्यांत त्यांची भर पडली. १८ ऑक्टोबर २००७ रोजी, चौदा वर्षांच्या खंडानंतर, एक्सएच ५५८ पुन्हा उडाले. तोवर सुमारे ७० लाख पौंड खर्च झाले होते.

पुनरुज्जीवित विमानाची घडी किती नाजूक असते, ह्याचा प्रत्यय २८ मे २०१२ रोजी आला. डॉन्कास्टर येथे उड्डाणासाठी एंजिनांची शक्ती वाढवताच एक एंजिन फुटले आणि त्याचे तुकडे शेजारच्या एंजिनात ओढले गेले. दोन्ही कायमची निकामी झाली. कारण शोधता असे दिसले की, विमान उभे असताना ओल शोषून घेण्यासाठी ठेवलेल्या सिलिका जेलच्या पिशव्या एंजिनाच्या तोंडात राहून गेल्या होत्या. गंजापासून वाचवणारी वस्तूच एंजिनाच्या नाशाला कारण झाली. साध्या कारखान्यात अशी चूक पैशाने भरून निघते. येथे जगातल्या शेवटच्या आठ एंजिनांपैकी दोन गेली आणि ती पुन्हा कधीच मिळणार नव्हती. जुलैच्या आरंभी विमान पुन्हा उडू लागले. पण शिल्लक किती मर्यादित आहे हे सर्वांना कळून चुकले होते.

५. ज्ञानाचे उत्तराधिकारी आणि उड्डाणाचा शेवट

२०१३-१४ च्या हिवाळ्यात पंखांना मजबुती देऊन सांगाड्याचे आयुष्य आणखी वाढवण्यात आले. विमान उत्तम स्थितीत होते. असे असताना मे २०१५ मध्ये, हा उड्डाणाचा शेवटचा हंगाम असल्याचे विश्वस्त संस्थेने जाहीर केले. दिलेली कारणे बारकाईने पाहण्यासारखी आहेत. ह्या विमानाने इतर कोणत्याही व्हल्कनपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक उड्डाणतास पूर्ण केले होते. म्हणजे पुढे काय बिघडेल ह्याचा पूर्वानुभव जगात कोणाकडेच नव्हता. तसेच ज्या तीन कंपन्यांवर तांत्रिक दायित्व होते, त्यांनी हंगामाअखेर आपला पाठिंबा काढून घेण्याचे ठरवले होते. कारण त्या पिढीच्या विमानांचे ज्ञान असणारे अभियंते निवृत्तीचे वय ओलांडून गेले होते. २८ ऑक्टोबर २०१५ रोजी एक्सएच ५५८ अखेरचे उडाले.

हे विमान मोडले म्हणून थांबले नाही. त्याच्याविषयी अधिकाराने 'हो' म्हणू शकणारी माणसे संपत आली म्हणून थांबले. लष्करी जेटच्या इतिहासातील ही सर्वांत महत्त्वाची बाब असून ती बहुधा दुर्लक्षित राहते. वास्तुशिल्पाच्या परंपरेत गवंड्याचा मुलगा गवंडी होतो आणि हातातली विद्या पुढे जाते. जेट विमानाच्या बाबतीत अशी परंपरा निर्माण होण्यास अवसरच मिळत नाही. एका प्रकारचे विमान तीस वर्षे सेवेत राहते, त्याची विद्या एका पिढीत जन्मते आणि त्याच पिढीबरोबर जाते. पुढची पिढी वेगळ्या विमानावर वेगळी विद्या शिकते.

६. जोखमीचा प्रश्न

ज्ञानाच्या ह्या साखळीला केवळ विद्वत्तेचे नव्हे, जीविताचे मोल आहे. २२ ऑगस्ट २०१५ रोजी, व्हल्कनचा शेवटचा हंगाम चालू असतानाच, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील शोरम येथे 'हॉकर हंटर' जातीचे, १९५५ साली बांधलेले एक खाजगी मालकीचे विमान कसरत करीत असताना शेजारच्या हमरस्त्यावर कोसळले आणि रस्त्यावरील अकरा माणसे मृत्युमुखी पडली. हंटर हे नाव भारतीय वाचकाला अपरिचित नाही. १९५७ पासून भारतीय हवाई दलाने ते वापरले आणि १९७१ मध्ये लोंगेवाला येथे रणगाड्यांविरुद्ध त्याने केलेली कामगिरी प्रसिद्ध आहे.

शोरमच्या अपघाताचा चौकशी अहवाल मार्च २०१७ मध्ये आला. कसरतीच्या आरंभी वेग कमी होता आणि वर्तुळाच्या शिखरावर पुरेशी उंची नव्हती, हे अपघाताचे कारण ठरले. म्हणजे दोष विमानाच्या जुनेपणाचा नव्हता. परंतु चौकशीत देखभालीच्या ज्या गोष्टी उजेडात आल्या, त्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहेत. वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटमधील स्फोटक काडतुसांची मुदत संपून गेली होती. अशी काडतुसे अपघातस्थळी मदतीस धावणाऱ्यांनाही घातक ठरू शकतात. निवृत्त लढाऊ विमान नागरी वेषात आले तरी त्याच्या पोटात लष्करी द्रव्य शिल्लक राहते, ह्याचे हे स्मरण होय.

त्याआधी, १४ नोव्हेंबर २००९ रोजी, दक्षिण आफ्रिकेत ओव्हरबर्ग येथील प्रदर्शनात एक निवृत्त 'लाइटनिंग' कोसळले. त्याची जलदाब यंत्रणा निकामी झाली होती आणि वैमानिकाला बाहेर पडता आले नाही. लाइटनिंगच्या अरुंद पोटात दोन एंजिने एकावर एक बसवलेली असतात. इंधनाच्या व तेलाच्या नळ्या त्यांच्या अगदी जवळून जातात. सेवेतही ह्या विमानाला आगीचा उपद्रव होता. वेगासाठी केलेली ती तडजोड होती, आणि मोठी दुरुस्ती-यंत्रणा पाठीशी असलेल्या हवाई दलाला ती परवडली. आराखड्यात गृहीत धरलेली संस्था नाहीशी झाली की आराखड्यातील तडजोड धोक्याचे रूप घेते, हा ह्या घटनेचा मथितार्थ आहे.

७. तौलनिक उदाहरणे

याच निकषावर इतर देशांतील उदाहरणे तपासता येतात. स्वीडनमधील ऐतिहासिक उड्डाण-संस्थेने 'साब ३७ व्हिगन' हे लढाऊ विमान २०१२ मध्ये पुन्हा आकाशात आणले. व्हिगन २००५ ते २००७ ह्या काळात सेवेबाहेर पडले होते. म्हणजे खंड अवघा काही वर्षांचा. निर्माती कंपनी साब त्याच नावाने व त्याच देशात लढाऊ विमाने बांधीत होती. शिवाय सक्तीच्या लष्करी सेवेतील तरुणांना रस्त्यालगतच्या तळावर झटपट सांभाळता यावे, अशा बेताने ते विमान मुळातच रचलेले होते. संस्था जिवंत आणि रचना सुगम असल्यामुळे तेथे जीर्णोद्धार तुलनेने सुकर झाला.

अमेरिकेत ह्याच्या उलट टोकाचे उदाहरण सापडते. 'एफ-१४ टॉमकॅट' ही विमाने तेथील नौदलातून २००६ मध्ये निवृत्त झाली. त्याच जातीची विमाने क्रांतिपूर्व काळात इराणला विकलेली असल्याने, सुटे भाग तिकडे पोहोचू नयेत म्हणून अनेक निवृत्त विमाने यंत्राखाली घालून अक्षरशः चिरडण्यात आली. संग्रहालयांना दिलेल्या विमानांतूनही महत्त्वाचे भाग काढले गेले. एका देशात जे वारसा ठरते ते दुसऱ्या देशात शस्त्र ठरते. निवृत्त विमानाचे भवितव्य अभियंत्याच्या हाती नसून राज्यसंस्थेच्या हाती असते, हे येथे उघड होते.

ब्रिटनमध्येच एक मध्यममार्गही चोखाळला गेला आहे. साउथएंड येथील एक्सएल ४२६ आणि वेल्सबोर्न येथील एक्सएम ६५५ ही दोन व्हल्कन विमाने स्वयंसेवकांनी एंजिने चालू राहतील आणि विमान स्वतःच्या बळावर धावपट्टीवर धावेल, अशा स्थितीत राखली. त्यांना उडवण्याचा आग्रह धरला नाही. सांगाड्यावर उड्डाणाचा ताण येत नाही, पण तेल फिरते, सील ओले राहतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यंत्र कसे सुरू करावयाचे हे जाणणारा माणसांचा एक गट टिकून राहतो. द्रव्य आणि विद्या ह्या दोहोंचे थोडे थोडे रक्षण करणारा हा मार्ग कमी दिमाखाचा असला तरी अधिक विचारी म्हणावा लागेल.

८. भारतीय संदर्भ

मोडीत निघालेल्या लष्करी विमानांचा जीर्णोद्धार भारताला नवा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरजवळ चकेरी येथे 'लिबरेटर' जातीची बॉम्बफेकी विमाने मुद्दाम निकामी करून टाकून दिली होती. बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यातील लोकांनी ती जागेवरच उडण्याजोगी केली, उडवत बंगलोरला नेली आणि चाळिसाच्या आसपास विमाने पुन्हा उभी केली. १९४८ पासून १९६८ पर्यंत ती भारतीय हवाई दलात चालली. त्यांपैकी काही पुढे ब्रिटन, कॅनडा व अमेरिका येथील संग्रहालयांत गेली. ही जेट नव्हेत, पंख्याची विमाने होती. तथापि उदाहरणातील तत्त्व तेच आहे : भंगारातून विमान उभे राहिले, कारण त्याच्यामागे एक जिवंत कारखाना उभा होता.

जेट विमानांच्या बाबतीत भारताने आजवर संरक्षणाचा मार्ग पत्करला आहे. हवाई दलाच्या ऐतिहासिक उड्डाण-पथकातील टायगर मॉथ, हार्वर्ड आणि २०१८ मध्ये दाखल झालेले डकोटा ही तिन्ही पंख्याची विमाने आहेत. निवृत्त जेट विमाने पालमच्या संग्रहालयात, चौकाचौकांतील चौथऱ्यांवर आणि गोव्यात बोगमाळो येथे १९९८ मध्ये सुरू झालेल्या नौदल विमान-संग्रहालयात उभी आहेत. ह्या शेवटच्या ठिकाणी 'विक्रांत'वरून उडालेले 'सी हॉक' आणि २०१६ मध्ये निवृत्त झालेले 'सी हॅरियर' पाहावयास मिळते. कोकणपट्टीचा पाऊस आणि खारा वारा ह्यांत उघड्यावर उभे असलेले विमान टिकवणे, हे काम उड्डाणाइतके प्रेक्षणीय नसले तरी त्याहून सोपे मुळीच नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने मात्र सर्वांत निकडीचा प्रश्न 'मिग-२१' चा आहे. १९६३ मध्ये सेवेत आलेले हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे समारंभपूर्वक निवृत्त झाले. सहाशेहून अधिक मिग-२१ भारतातच तयार झाली. त्यांचा सांगाडा नाशिकजवळ ओझर येथे, एंजिन ओरिसात कोरापुट येथे आणि विद्युत्-उपकरणे हैदराबादला, अशी ही निर्मिती तीन ठिकाणी वाटलेली होती. ओझर येथेच लढाऊ विमानांची समग्र दुरुस्ती करणारा हवाई दलाचा डेपोही आहे. ओझरच्या कारखान्यामुळे त्या परिसरात रिव्हेट मारणाऱ्यांची, फिटरांची, तपासनिसांची एक संपूर्ण पिढी घडली. त्या पिढीतील ज्यांनी पहिले सांगाडे जुळवले ते आता वार्धक्यात आहेत. निवृत्त मिग-२१ संग्रहालयांत व चौथऱ्यांवर उभी राहतील यात शंका नाही. परंतु रशियन आराखडे मराठी कामगाराच्या हाती कसे उतरले, मापे व हत्यारे कशी जुळवली, कोणता दोष वारंवार येई आणि तो कोणत्या युक्तीने काढला जाई, हे चौथऱ्यावरील विमान कोणालाही सांगणार नाही.

९. उपसंहार

एक्सएच ५५८ च्या इतिहासातून निघणारे निष्कर्ष आता मांडता येतील. पहिला असा की, निवृत्त जेट विमान उडवणे आणि राखणे ह्यांपैकी कोणताच पर्याय निर्दोष नाही. एकात साधन वाचता वाचता खर्च होते, दुसऱ्यात ते न वाचताच जीर्ण होते. दुसरा असा की, ह्या विमानांचा जीर्णोद्धार हा मूलतः धातूचा नसून दायित्वाच्या साखळीचा जीर्णोद्धार आहे. ती साखळी जुळली तेव्हा चौदा वर्षे भूमीवर राहिलेले विमान उडाले. ती तुटली तेव्हा उत्तम स्थितीतील विमान थांबले. आणि जेथे तिच्यातील एखादी कडी कच्ची राहिली तेथे त्याची किंमत माणसांनी प्राणांनी मोजली किंवा मोजण्याचा धोका निर्माण झाला.

तिसरा निष्कर्ष इतिहासाच्या अभ्यासकांना अधिक जवळचा आहे. विमानाच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्या आधी, जतन करावयाचे ते त्याचे आराखडे, त्याची लॉगबुके, दुरुस्तीच्या नोंदी आणि ती दुरुस्ती करणाऱ्यांच्या आठवणी. इंग्लंडमध्ये ह्या गोष्टीची जाणीव झाली तोवर जाणकार पिढी अस्तास जात होती. तरीही तिच्या साहाय्याने आठ वर्षांचे उड्डाण साधले. ओझरच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही. कारखान्याच्या कागदपत्रांची सूची आणि वृद्ध कारागिरांच्या मुलाखती हे काम अभियंत्यांवर सोपवून चालणार नाही. ते विद्यापीठांच्या इतिहास विभागांचे आहे. चौथऱ्यावरील विमानाला गंज चढण्यास काही वर्षे लागतील. त्याची विद्या जाणणारी माणसे तेवढी वाट पाहू शकणार नाहीत.